आजोबांची लढाईची टोपी

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवानिमित्त टेरेसवरच्या मंडपात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर. वक्ते सी विंगमधले सभासद असून प्रेस शॉपमधून निवृत्त झाले आहेत.)



सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकतो. रविवारी दुपारी दोन ते चारच्या वेळात सी विंगमधून जो खणखणाट ऐकू येतो आणि ज्याबद्दल संस्थेच्या वहीत दोनदा तक्रार नोंदली गेली आहे, तो माझ्याच घरातून येतो. प्लंबर नाही, टाइल्सचं काम नाही. मी लोखंडी टोप्या साफ करत असतो. त्यातल्या सात इथं टेबलावर मांडल्या आहेत. मुलांनो, व्याख्यान संपेपर्यंत हात लावायचा नाही; संपल्यावर सगळ्यांना डोक्यावर घालून बघता येतील.

कार्यक्रम समितीनं मला 'छंद' या विषयावर बोलायला सांगितलंय. पण हा छंद मी हौसेनं निवडलेला नाही. तो माझ्या गळ्यात, खरं म्हणजे डोक्यावर, येऊन पडला. त्याची गोष्ट आमच्या गावाकडच्या घरात सुरू होते.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात. गावच्या घरी परसात एक लोखंडी टोपी होती. उपडी टाकली तर टोपी, उताणी ठेवली तर भांडं. आजी तिच्यात कोंबड्यांना पाणी ठेवायची. वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस ती कोंबड्यांची आणि दसऱ्याच्या दिवशी देवाची. त्या दिवशी ती घासूनपुसून विळा, कोयता, नांगराचा फाळ यांच्या ओळीत मांडायची, हळदकुंकू लावायचं, झेंडूचं फूल ठेवायचं. कारण ती आजोबांची 'लढाईची टोपी' होती. आजोबा मराठा पलटणीत होते आणि दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढून आले होते. टोपीच्या काठाला दोन बारीक भोकं होती. ती गोळीची. एका बाजूनं गोळी आली, काठातून आरपार गेली आणि आजोबा वाचले. एवढं आम्हा सगळ्या नातवंडांना पाठ होतं. सुट्टीत गावी गेलो की आम्ही त्या भोकातून काडी घालून गोळी कुठल्या बाजूनं आली असेल याचा हिशेब करायचो. मी तर चौथीत याच्यावर निबंध लिहून बक्षीस मिळवलंय.

आजोबा मी बारा वर्षांचा असताना गेले. ते फार बोलायचे नाहीत. तंबाखू मळत ओसरीवर बसायचे. टोपीबद्दल त्यांच्या तोंडून मी एक शब्दही ऐकलेला नाही, हे मला फार उशिरा लक्षात आलं.

आता मधली चाळीस-पंचेचाळीस वर्षं सोडून देऊ. मी चिंचवडला नोकरीला लागलो. आयुष्य प्रेस शॉपमध्ये गेलं. पत्र्याची शीट, तिचे कापलेले तुकडे, खाली डाय, वर पंच, धाडदिशी आवाज आणि बाहेर येतो गाडीचा एखादा भाग. आमच्या धंद्यातल्या माणसाला एक सवय असते. शर्टाच्या खिशात पेनाबरोबर एक छोटा लोहचुंबक. स्टेनलेस आणि साध्या पोलादाचे तुकडे भंगारात मिसळले की वेगळे करायला तो लागतो. निवृत्त झालो, आयकार्ड परत केलं, पण ही सवय काही सुटली नाही.

निवृत्तीनंतर वेळ जाईना म्हणून पुण्याला जुन्या बाजारात जायला लागलो. एका रविवारी तिथं एका चादरीवर कुलपं, नळाच्या तोट्या आणि कंदिलाच्या काचा यांच्या मधोमध एक टोपी दिसली. अगदी आमच्या कोंबड्यांच्या भांड्यासारखी! रुंद काठाची, उथळ, उपड्या परातीसारखी. विकणारा म्हणाला, "साहेब, ब्रिटिश आहे." घासाघीस करून घेतली. घरी आलो आणि सवयीनं फ्रिजवरचा अष्टविनायकाचा लोहचुंबक काढून तिला लावला. चिकटला नाही! घरंगळून खाली पडला. परत लावला, परत पडला. मला वाटलं फसलो, ॲल्युमिनियम गळ्यात मारलं. पण वजन तर किलोभराचं. ॲल्युमिनियम एवढं जड नसतं. मग हे आहे तरी काय?

या एका प्रश्नानं माझं निवृत्तीनंतरचं आयुष्य खाल्लं. सौ. म्हणतात तिचंही.

त्याचं उत्तर शोधत मी गेलो ते थेट १९१५ सालच्या इंग्लंडात. १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा कुठल्याही मोठ्या सैन्याकडे लोखंडी टोपी नव्हती. इंग्रज सैनिक कापडी टोपी घालून लढायला गेला, फ्रेंचही तसाच आणि जर्मनांची ती प्रसिद्ध टोकदार टोपी असायची चामड्याची. आपले हिंदी पायदळाचे जवान फ्रान्समध्ये होते. मार्च १९१५ मध्ये न्यूव्ह शापेलच्या लढाईत ते लढले ते फेटे-पागोटे बांधून. आणि समोर काय होतं? खंदकांची लढाई. माणूस जमिनीखाली उभा, फक्त डोकं वर. तोफेचा गोळा वर हवेत फुटणार आणि त्यातल्या गोळ्या, तुकडे पावसासारखे डोक्यावर पडणार. १९१५ च्या अखेरीस हिंदी पायदळ फ्रान्समधून हलवलं गेलं आणि जवळजवळ त्याच सुमाराला इंग्रजांच्या पहिल्या लोखंडी टोप्या खंदकात पोचायला लागल्या. मला ही गोष्ट वाचताना दरवेळी अंगावर काटा येतो. वर्षभर मार खाल्ला आणि छत्री आली तेव्हा यांची गाडी सुटलेली.

ही टोपी काढली जॉन लिओपोल्ड ब्रॉडी नावाच्या माणसानं. लंडनमध्ये १९१५ साली त्यानं पेटंट घेतलं. त्याच्या आधी काही महिने फ्रेंचांनी आद्रियाँ नावाच्या अधिकाऱ्याची टोपी काढली होती, दिसायला सुंदर, पण अनेक भाग जोडून केलेली. ब्रॉडीची टोपी दिसायला अगदीच गावठी. जर्मन तिला सॅलडचं भांडं म्हणायचे. पण मी प्रेस शॉपमधला माणूस, मला तिचं सौंदर्य दुसरीकडेच दिसतं. जाड पत्र्याचा एक तुकडा घ्यायचा, डायवर ठेवायचा आणि एका दणक्यात टोपी तयार! सांधा नाही, जोड नाही, म्हणजे फुटायला कमजोर जागाच नाही. आमच्या भगिनींना लगेच कळेल. पत्र्याची परात करणं सोपं, खोल घागर करणं अवघड. खोल ओढायला गेलात की पत्रा बाजूंना पातळ होतो, सुरकुततो नाहीतर फाटतो. जर्मनांनी १९१६ मध्ये कान आणि मान झाकणारी खोल टोपी काढली. संरक्षणाला ती जास्त चांगली, हे मान्यच करायला हवं. पण ती करायला पत्रा तापवून टप्प्याटप्प्यानं दाबावा लागायचा. इंग्रजांना लाखांनी टोप्या पाहिजे होत्या, त्याही कालच. म्हणून परात. वरून पडणाऱ्या तुकड्यांना रुंद काठ पुरतो, खांदेही थोडे झाकतो. मान आणि कान मात्र उघडे. समोरून येणारी रायफलची गोळी ती अडवू शकत नव्हती, आणि ते तिचं कामही नव्हतं.

आता लोहचुंबकाचं कोडं. पहिल्या थोड्या टोप्या साध्या पोलादाच्या झाल्या. मग शेफील्डचे सर रॉबर्ट हॅडफिल्ड यांचं पोलाद वापरायचं ठरलं. या गृहस्थांनी १८८२ सालीच एक विलक्षण पोलाद शोधून काढलं होतं. त्यात बारा टक्क्यांच्या आसपास मँगनीज असतं. त्याचे दोन गुण. एक, त्याला जितकं ठोकाल तितकं ते आणखी कठीण होतं. दगड फोडायच्या यंत्राचे जबडे आणि रेल्वेचे सांधे आजही याचे करतात. दुसरा गुण म्हणजे त्याला लोहचुंबक चिकटत नाही. पोलाद असूनही! माझा अष्टविनायक फ्रिजवरून काढलेला असूनही का पडला, याचं उत्तर शेफील्डमध्ये होतं. मी जुन्या बाजारात फसलेलो नव्हतो. उलट त्या चादरीवरचा सगळ्यात खरा माल तोच होता.

एप्रिल १९१६ मध्ये बेल्जियममधल्या सेंट एल्वाच्या लढाईत ही टोपी पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. तोपर्यंत टोप्या इतक्या कमी होत्या की त्या माणसाच्या नावावर नसायच्या, खंदकाच्या नावावर असायच्या. पहारा बदलला की टोपी पुढच्याच्या डोक्यावर. आपल्या संस्थेच्या शिडीसारखं. शिडी आहे कुणाकडे हे विचारत फिरायचं. युद्ध संपेपर्यंत मात्र, अमेरिकनांनी त्याच घडणीच्या केलेल्या धरून, सुमारे पंचाहत्तर लाख टोप्या झाल्या.

बरं, आता टोपी हातात आली तर ती कुठली, केव्हाची, हे कसं ओळखायचं? पुष्कळ जण वरून बघतात. वरून काही कळत नाही, वरचा रंग गेल्या आठवड्यातला असू शकतो. टोपी उलटी करायची. टेबलावरच्या पहिल्या दोन टोप्या बघा. बाहेरून जुळ्या बहिणी. आतून पाहिलं तर पहिलीचं अस्तर माथ्याच्या मध्यावर रिव्हेट ठोकून बसवलंय आणि हनुवटीचा पट्टा चामड्याचा आहे. ही पहिल्या महायुद्धातली. दुसरीत माथ्यावर रिव्हेटच्या जागी स्क्रू आहे आणि पट्टा कापडी विणीचा. ही १९३८ नंतरची, मार्क दोन. अगदी सुरुवातीच्या, १९१५-१६ च्या टोप्यांचा काठ नुसता कापलेला असायचा, तो धारदार राहायचा. पुढं त्यावर पट्टी दुमडून बसवायला लागले. तसा नुसता काठ मिळाला तर संग्राहक नाचतो. मला अजून मिळालेला नाही.

पण इथं एक मेख आहे. दुसरं महायुद्ध तोंडावर आलं तेव्हा इंग्रजांनी गोदामातल्या १९१६-१८ च्या टोप्या बाहेर काढल्या, नवं अस्तर आणि नवा पट्टा बसवला आणि परत दिल्या. म्हणजे टरफल पहिल्या युद्धातलं, आतलं सामान दुसऱ्यातलं. इमारत पंचवीस वर्षांची आणि लिफ्ट गेल्या वर्षीची, तसंच. त्यामुळे स्क्रू दिसला की लगेच १९४० म्हणायचं नाही. काठाच्या खालच्या बाजूला ठसे शोधायचे. रंगाखाली दडलेले असतात, तिरक्या उजेडात बॅटरी धरली की उठून दिसतात. पहिल्या युद्धातल्या टोपीवर 'एच.एस.' आणि पुढं आकडा दिसला तर ते हॅडफिल्डचं पोलाद. 'झेड'पासून सुरू होणारी अक्षरं असली तर टोपी अमेरिकन. दुसऱ्या युद्धातल्या टोप्यांवर कारखान्याची अक्षरं आणि साल असतं. 'बी.एम.बी.' म्हणजे डॅगनमची ब्रिग्ज मोटर बॉडीज. 'जे.एस.एस.' म्हणजे जोसेफ सँकी. 'ए.एम.सी.' म्हणजे ऑस्टिन मोटर कंपनी. गाड्यांची धडं दाबणारेच कारखाने टोप्या दाबत होते. हे वाचलं तेव्हा मला माझीच पाळी सुरू झाल्यासारखं वाटलं. तिथं कुणीतरी माझ्यासारखाच कानात बोळे घालून प्रेसवर उभा असणार.

साल पट्ट्याच्या कडीवर असतं, अस्तरावरही असतं, आणि तिन्ही सालं जुळतीलच असं नाही. एखादं वर्ष इकडंतिकडं चालतं. टरफल १९३९ आणि अस्तर १९५२ असेल तर मधे कुणीतरी दुरुस्ती केलीय. आपल्या सैन्यातही ही घडण स्वातंत्र्यानंतर बरीच वर्षं चालली, तेव्हा आपल्याकडे मिळणाऱ्या टोपीनं खूप पावसाळे बघितलेले असतात. मागच्या काठाला ओळीत तीन भोकं असली तर ती दक्षिण आफ्रिकेत बनलेली. मानेवर पडदा लावता यावा म्हणून ती भोकं ठेवली होती.

ही चौथी टोपी बघा, कासवाच्या पाठीसारखी. इंग्रजांनी १९४४ मध्ये अखेर परातीचा आकार सोडला आणि ही मार्क तीन काढली. कान थोडे झाकले गेले. ६ जून १९४४ ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या काही इंग्रज आणि कॅनेडियन तुकड्यांकडे ही होती. त्यामुळे तिला भाव फार. मला एका विक्रेत्यानं "नॉर्मंडीची" म्हणून दाखवली. मी दोन महिन्यांचं पेन्शन मोजलं. घरी येऊन पुस्तकाशी ताडून बघतो तर पट्ट्याचे रिव्हेट काठाच्या जवळ, खाली. मार्क तीनला ते चांगले वर असतात. खाली असले की मार्क चार, जी १९४५ मध्ये आली. तिचं अस्तर एका बटणावर निघतं, म्हणजे टोपीत पाणीही आणता यावं. उपयोगी टोपी आहे हो, पण नॉर्मंडीत ती नव्हती. विक्रेत्यानं वर एका पलटणीचं चिन्हही ताजं रंगवलेलं होतं. नखानं खरवडलं तर सुटलं. दोष त्याचा थोडा, माझा जास्त. गोष्ट आधी ऐकली आणि टोपी नंतर उलटी केली.

आणि ही पाचवी. डोक्यावर उंच, पसरट, अस्तर काठाच्या भोकांतून बुटाच्या नाडीनं बांधलेलं. ही सैनिकाची नाही, नागरिकाची. १९४० मध्ये लंडनवर बॉम्ब पडायला लागले तेव्हा रात्री गच्चीवर आग लागते का बघायला माणसं बसायची. त्यांच्यासाठी सॉली झुकरमन यांनी ही घडवली. झुकरमन हे मूळचे प्राणिशास्त्रज्ञ, माकडांच्या समाजजीवनावर संशोधन केलेले. माकडांवरून माणसांकडे आले आणि स्फोटानं शरीराला काय होतं याचा अभ्यास केला. हे पोलाद साधं आहे. हॅडफिल्डचं पोलाद मोजकं, ते सैन्याला. विटा-कौलांपासून वाचायला साधं पुरतं. नागरी संरक्षणाच्या वॉर्डनच्या टोपीवर 'डब्ल्यू' अक्षर असायचं. आणि साध्या परातीच्या आकाराच्या टोप्यांतही ज्या कमी दर्जाच्या पोलादाच्या किंवा परीक्षेत उतरल्या नाहीत, त्या आघाडीवर चुकून जाऊ नयेत म्हणून त्यांना खूण करायचे. काठाला ड्रिलनं बारीक भोकं पाडायचे.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते. पुस्तक मिटलं आणि तसाच बसून राहिलो.

दुसऱ्याच शनिवारी गावी गेलो. कुणाला काही बोललो नाही. चुलते शेतावर गेले होते. टोपी माळ्यावर होती, खाली काढली. भोकांकडे आयुष्यात पहिल्यांदा कारागिराच्या नजरेनं बघितलं. गोळी पत्र्यातून जाते तेव्हा पत्रा फाटतो, कडा बाहेर उलटतात, भोवती खळगा पडतो. ही भोकं गोल गरगरीत, सारख्या मापाची, कडा साफ. हे ड्रिलचं काम. प्रेस शॉपमध्ये पस्तीस वर्षं मी अशी हजारो भोकं तपासून पास केलीत. ही दोनच कधी तपासली नव्हती. मग खिशातून लोहचुंबक काढला. टक् करून चिकटला.

ठसे गंजानं खाल्ले होते, म्हणून ती कुठल्या कारखान्यातली ते सांगता येत नाही. पण साधं पोलाद आणि खुणेची भोकं. ही टोपी इटलीत लढायला गेलेली नव्हती. शिवाय थोडा विचार केला असता तर पुस्तकाशिवायही कळायला हवं होतं. लोखंडी टोपी सरकारी सामान. शिपाई सुटून घरी येतो तेव्हा ती जमा करून येतो.

आता प्रश्न असा की हे सांगायचं का? गावच्या शाळेचा महोत्सव जवळ आला होता. शाळेनं गावातल्या जुन्या वस्तूंचं प्रदर्शन ठरवलं होतं आणि आमची टोपी त्यात सगळ्यात पुढं मांडायची होती. पाटी रंगवूनही झाली होती, 'इटलीच्या रणांगणावरील शिरस्त्राण, शत्रूच्या गोळीच्या खुणांसह'. गुरुजींनी ती मला अभिमानानं दाखवली. मी 'छान' म्हणालो आणि पुण्याची गाडी पकडली.

वडील माझ्याकडेच असतात. आठ दिवस मी त्यांना काही बोललो नाही. नवव्या दिवशी जेवणानंतर दोन टोप्या त्यांच्यापुढं ठेवल्या, बाजारातली आणि घरची, आणि लोहचुंबक हातात दिला. काही समजावलं नाही. त्यांनी तो एकीला लावला, पडला. दुसरीला लावला, चिकटला. परत काढला, परत लावला. पाच-सहा वेळा. मग म्हणाले, "गोळीची गोष्ट मी सांगितली होती."

मी म्हटलं, "कुणाला?"

"वर्गात. मी दहा-अकरा वर्षांचा होतो. एका पोराच्या बापाला लढाईत पाय गेलेला. तो रोज सांगायचा. आमचे दादा धडधाकट आलेले, सांगायला काहीच नव्हतं. मग भोकं दाखवली." थोड्या वेळानं म्हणाले, "दादांनी ऐकलं होतं ते. काही बोलले नाहीत. नुसते हसले. मला वाटलं, खरंच असेल म्हणून हसले."

मग हळूहळू त्यांना आठवायला लागलं. आजोबा आले तेव्हा त्यांच्या हातात ट्रंक आणि घोंगडी होती. टोपी नव्हती. टोपी नंतर आली, युद्धानंतर डिस्पोजलचा माल विकायला निघाला तेव्हा. ताडपत्री, दोन पिंपं आणि ही टोपी, एकाच खेपेला. ताडपत्री पावसाळ्यात गोठ्यावर घालायची, पिंपं धान्याला आणि टोपी आधीपासूनच कोंबड्यांसाठी. म्हणजे आजीच तेवढी पहिल्यापासून बरोबर होती.

चुलत्यांना हे फोनवर सांगितलं. ते भडकले. "लोहचुंबकानं माझ्या बापाची परीक्षा घेतोस का?" म्हणाले. मी पोलादाचं सांगायला लागलो तर फोन ठेवला. त्यांचं दुःख मला कळतं. मी त्यांच्या दसऱ्यातून एक वस्तू काढून घेतली होती आणि बदल्यात काही दिलं नव्हतं.

देण्यासारखं निघालं ते आजीच्या बटणांच्या डब्यात. वडिलांनीच आठवण काढली, "चांदणी कुठाय?" लहानपणी ते भावंडं पितळेच्या एका चांदणीनं खेळायचे. डबा माझ्याच बहिणीकडे होता. तिनं दोरे, हुक, बटणं ओतली आणि तळाशी सहा टोकांची चांदणी. मध्ये राजाची अक्षरं, वर मुकुट, गोलात 'इटली स्टार'. लाल-पांढरी-हिरवी फीत केव्हाच गेलेली, ती कुणीतरी बाहुलीला बांधली असणार. इंग्लंडच्या शिपायांना दुसऱ्या महायुद्धाची ही पदकं नाव न घालता दिली गेली. हिंदी जवानांच्या पदकांवर मात्र नाव घालत. मी उलटी केली. टोपी उलटी करायची सवय लागलेलीच होती. मागं नंबर, हुद्दा, आजोबांचं नाव आणि पलटण ठोकलेली. सत्तर वर्षं बटणांच्या डब्यात.

इटलीच्या मोहिमेत मराठा पलटणीच्या दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नाईक यशवंत घाडगे, १० जुलै १९४४, मरणोत्तर. आणि शिपाई नामदेव जाधव, ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदीवर जखमी साथीदारांना पाठीवरून नेऊन त्यांनी शत्रूची मशिनगनची ठाणी बंद पाडली. आमचे आजोबा असल्या कुठल्या नोंदीत नाहीत. ते गेले, लढले आणि आले, एवढंच पदक सांगतं.

शाळेची पाटी बदलली. गुरुजी आधी नाराज झाले, मग त्यांनी स्वतःच्या अक्षरात दोन नव्या पाट्या लिहिल्या. टोपीपुढं 'दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील साध्या पोलादाची लोखंडी टोपी. युद्धानंतर बाजारातून आली. कोंबड्यांना पाणी ठेवण्यासाठी वापरली.' आणि पदकापुढं आजोबांचं पूर्ण नाव, नंबरासकट. मुलांची गर्दी टोपीपुढंच होती, हे सांगितलं पाहिजे. पदकापुढं म्हातारी माणसं उभी राहत होती. चुलते प्रदर्शनाला आले नाहीत. पण दसऱ्याच्या आधी त्यांचा निरोप आला, "टोपी पाठवून दे." मी पाठवली. ओळीत ती आजही मांडतात. दसरा झाला की परत माझ्याकडे येते, असं आमचं न बोलता ठरलेलं आहे.

टेबलाच्या टोकाला ती गंजकी सातवी टोपी दिसतेय ना, ती हीच. यंदाचं हळदकुंकू अजून काठाला आहे, ते पुसू नका. बाकीच्या घालून बघायला हरकत नाही, फक्त पट्ट्याला धरून उचलू नका, जुनी शिवण सुटते. लोहचुंबक टेबलावर ठेवलाय, सगळ्यांनी लावून बघा. तो आमच्या फ्रिजचा आहे, जाताना परत हवाय.

चांदणी टेबलावर नाही. ती पुढच्या रांगेत उजवीकडे आमचे वडील बसलेत त्यांच्या खिशात आहे. मागितलीत तर दाखवतील. जरा मोठ्यानं मागा, आणि डाव्या बाजूनं.